गणिताची उत्तरे शेवटच्या पेपरनंतर द्या

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका माध्यमिक विद्यालयाच्या बालरथावर, म्हणजे मुलांची ने-आण करणाऱ्या शाळेच्या गाडीवर, मदतनीस म्हणून काम करते. सकाळी वाड्यावाड्यांवरून मुलांना गाडीत घ्यायचे, लहानांना चढता-उतरताना धरायचे, हजेरी लिहायची आणि दुपारी सगळ्यांना सुखरूप घरी पोचवायचे, हे माझे काम. दहावीच्या परीक्षेला आमच्या मुलांचे केंद्र वाळपईला असते. त्या दिवसांत गाडी त्यांना केंद्रावर नेते, पेपर सुटेपर्यंत थांबते आणि परत आणते.

गणिताच्या पेपरनंतर परतीच्या वाटेवर गाडीत जे बोलणे चालते ते शिक्षकांच्या कानावर पडत नाही, कारण ते केंद्रावर नाहीतर शाळेत कामात असतात. आईवडिलांच्याही पडत नाही, कारण घर जवळ येईपर्यंत मुले गप्प झालेली असतात. मधला सगळा वेळ ड्रायव्हर आणि मीच असतो आणि ड्रायव्हरचे लक्ष रस्त्यावर. म्हणून हे मीच लिहायला हवे असे वाटले.

माझे मागणे आधीच सांगते. ट्यूशनवाल्यांनी, शिक्षकांनी, कॉलेजात शिकणाऱ्या दादा-ताईंनी, कोणीही दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत गणिताची सोडवलेली उत्तरे मुलांच्या मोबाइलवर पाठवू नयेत. उत्तरे पाठवणारा माणूस चांगल्याच हेतूने पाठवतो, हे मला ठाऊक आहे. रात्री जागून मुलांच्या शंका सोडवणारी हीच माणसे. पण त्या उत्तरांचे पुढे काय होते ते त्यांना दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोबाइल परीक्षेच्या वर्गात नेता येत नाही. तरी काही मुले आणतात. घरच्यांनीच सांगितलेले असते, पेपर सुटला की फोन कर म्हणून. ते सगळे मोबाइल मी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात घालून गाडीत माझ्या सीटखाली ठेवते आणि मुले बाहेर आली की ज्याचा त्याला देते. गणिताच्या दिवशी मात्र कोणी लगेच फोन लावत नाही. आधी एकमेकांना विचारतात, तुझं किती आलं?

मागच्या एका परीक्षेतली गोष्ट सांगते. प्रश्नपत्रिका माझ्याकडे नाही, मुलांच्या बोलण्यातून मला कळले ते असे. एक दीपस्तंभ, उंची 60 मीटर. त्याच्या टोकावरून समुद्रातली होडी 60 अंशांच्या कोनात खाली दिसते. होडी दीपस्तंभाच्या पायथ्यापासून किती दूर? एका मुलाचे उत्तर आले वीस रूट थ्री. दुसरा म्हणाला, माझे चौतीस पॉइंट सहा. तिसऱ्याने चौतीस पॉइंट सहा आठ सांगितले, तेव्हा दोघेही त्याच्याकडे वळून बघायला लागले. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलेली एक मुलगी बराच वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, माझे साठ बाय रूट थ्री आहे, मी तिथेच सोडले.

चार मुले, चार उत्तरे. गाडीत एकदम शांत झाले. मग हिशेब सुरू झाला. ज्यांचे उत्तर दुसऱ्या कोणाशी तरी जुळत होते त्यांना धीर आला, ज्यांचे जुळत नव्हते त्यांनी ते गणित गेले असे धरले. त्या मुलीचे कोणाशीच जुळत नव्हते. तिने ते गणित सोडून दिले आणि एकेक करून बाकीची गणिते आठवायला लागली. हे बरोबर असेल का, तिथे वजा चिन्ह राहिले का, युनिट लिहिले की नाही. वेळूसला पोचेपर्यंत तिने बोटांवर मोजून स्वतःचे पंधरा गुण कमी केले होते. मी डोळ्यांनी बघत होते. वर्गात पहिल्या तिघांत येणारी मुलगी.

त्यानंतर वाटेत एका टप्प्यावर रेंज जाते. झाडी दाट आहे, सगळ्यांचेच फोन मुके होतात. पलीकडे चढ संपला की रेंज येते आणि सगळ्या फोनांवर एकदम मेसेज वाजायला लागतात. त्या दिवशीही वाजले. ट्यूशनच्या ग्रुपवर वहीच्या पानांवर सोडवलेल्या अख्ख्या पेपरचे फोटो आले होते. पेपर सुटून किती वेळ झाला होता? मुले अजून घरीही पोचली नव्हती. दीपस्तंभाच्या गणितासमोर लाल पेनाने चौकट करून लिहिले होते 34.6 मीटर. बस. तिसऱ्या मुलाने, ज्याचे चौतीस पॉइंट सहा आठ होते, फोन पिशवीत टाकला आणि डोके समोरच्या सीटवर टेकवले. ती मुलगी खिडकीकडे तोंड करून रडत होती. उतरताना तिने माझ्याकडे बघितलेही नाही.

मार्च महिना. आमच्याकडे काजूचा हंगाम असतो. घरातली मोठी माणसे दिवसभर बागायतीत, बोंडू गोळा करायला. ती मुलगी रिकाम्या घरात गेली. संध्याकाळी तिच्या आईचा मला फोन आला, काकी, गाडीत काही झाले का, पोर दुपारपासून जेवली नाही, पुस्तकही उघडले नाही. पुढचा पेपर विज्ञानाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फेरीला गेले तेव्हा मी आमच्या गणिताच्या टीचरना गाठले. माझे शिक्षण बारावीपर्यंत, तेही वाणिज्य शाखेतून, त्यामुळे हे गणित माझ्या आवाक्यातले नव्हते. चारही उत्तरे मी हजेरीच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतली होती, ती त्यांना दाखवली. टीचरनी पान बघितले आणि म्हणाल्या, ही चारही बरोबर आहेत.

कसे ते त्यांनी त्याच पानावर करून दाखवले. ते पान माझ्याकडे अजून आहे. साठ भागिले रूट थ्री हे मूळ उत्तर. वर-खाली रूट थ्रीने गुणले की खाली तीन येतात, साठाला तिनाने भाग जातो आणि उरते वीस रूट थ्री. म्हणजे ती मुलगी आणि पहिला मुलगा एकाच ठिकाणी होते, ती फक्त एक पायरी अलीकडे थांबली होती. आता रूट थ्रीची किंमत 1.73 धरली आणि विसाने गुणले तर येते 34.6. पण कोणी वर-खाली न गुणता साठाला सरळ 1.73 ने भागले तर येते 34.68. मी विचारले, मग खरे कुठले? टीचर म्हणाल्या, 1.73 हा आकडाच मुळात तोडून घेतलेला. खरा रूट थ्री 1.732 आणि पुढे न संपणारा. त्याने काढले तर उत्तर 34.64 च्या आसपास येते. मुलांचे एक उत्तर त्याच्या थोडे अलीकडे, दुसरे थोडे पलीकडे. तपासणारा माणूस आकृती बघतो, टॅन साठ लिहिले का बघतो, समीकरण बघतो, किंमत कुठे घातली ते बघतो. प्रत्येक पायरीला गुण असतात. फार कडक तपासणारा असला तर त्या मुलीचा शेवटच्या पायरीचा अर्धा गुण जाईल, नाहीतर तोही जाणार नाही.

अर्ध्या गुणासाठी ती मुलगी अख्खी दुपार आणि रात्र उपाशी बसली होती. आणि तोही बहुतेक गेलेला नव्हता.

त्या ग्रुपवरच्या उत्तरांत एक चूकही होती, हे रात्री कळले. पत्त्यांवर एक प्रश्न होता, बावन्न पत्त्यांतून एक ओढला तर तो चित्राचा असण्याची शक्यता किती. चित्राचे पत्ते म्हणजे गुलाम, राणी, राजा. चार रंगांचे मिळून बारा. बावन्नात बारा म्हणजे तीन बाय तेरा. सोडवणाऱ्याने घाईत एक्केही धरले आणि चार बाय तेरा लिहिले. आमच्या गाडीतल्या एका मुलाला जत्रेत बसून पत्त्यांचे सगळे डाव पाठ. तो ओरडून सांगत होता, एक्का चित्रात येत नाही, येत नाही. कोणी ऐकले नाही. छापल्यासारखे सुंदर अक्षर, लाल चौकट, वर सरांचे नाव. त्याच्यापुढे मुलाचा आवाज कुठे टिकणार? शेवटी तोही गप्प झाला. रात्री उशिरा ग्रुपवर दुरुस्त उत्तर आले. तोपर्यंत बरोबर लिहिलेल्या मुलांनी ते गुण वजा करून टाकले होते.

सगळ्यांची सगळीच उत्तरे बरोबर असतात असे माझे म्हणणे नाही. त्याच गाडीत मागच्या सीटवर एक मुलगा होता, त्याचा पेपर खरोखर वाईट गेला होता. प्रमेय सोडले होते, वर्गसमीकरणाचे एक गणित अर्ध्यावर टाकले होते. त्याला ते स्वतःला माहीत होते आणि तो गाडीत बसताना बऱ्यापैकी सावरलेला होता. मला म्हणालाही, काकी, माझे स्पोर्ट्सचे गुण मिळतील, बघू. तो तालुक्यापर्यंत कबड्डी खेळलेला. पण ग्रुपवरचे फोटो आले आणि तो एकेक पान बोटाने मोठे करून बघत बसला. शेवटी फोन बंद केला आणि शेजारच्या मुलाला म्हणाला, मी विज्ञानाला येत नाही, आता येऊन काय करू.

मुले असे बोलतात, त्यातले सगळे मनावर घ्यायचे नसते, हे मलाही कळते. तरी विज्ञानाच्या पेपरच्या दिवशी तो खरेच थांब्यावर नव्हता. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, वाट बघितली. मग मी उतरून त्याच्या घरी गेले. वडील पहाटेच बागायतीत गेलेले, आजी अंगणात. तो आत पांघरूण घेऊन पडला होता. मी त्याला काही समजावले वगैरे नाही. गाडी थांबली आहे, सगळी मुले वाट बघताहेत, शर्ट घाल, एवढेच म्हटले. आजीने त्याच्या हातात उंडो पाव दिला आणि तो आला. निकाल लागला तेव्हा तो गणितात राहिला, बाकी सगळ्या विषयांत पास झाला. पुरवणी परीक्षेला एकच विषय घेऊन बसला आणि सुटला. त्या सकाळी तो अंथरुणातच राहिला असता तर त्याच्यापुढे दोन विषय असते. त्याने पुन्हा पुस्तक हातात घेतले असते का, मला सांगता येत नाही.

म्हणून मला वाटते, हा प्रश्न गणिताचा नाहीच, त्याच्या पुढच्या पेपरचा आहे. झालेल्या पेपरात कोणी काही बदलू शकत नाही. दुपारी उत्तरे कळून एकाही मुलाचा एकही गुण वाढत नाही. पुढच्या पेपरचे मात्र जातात. आणि ते कुठल्याही गुणपत्रिकेत दिसत नाहीत, कारण विज्ञानात कमी पडले तर विज्ञान कच्चे आहे असेच आपण म्हणतो.

मुलांनी आपसात बोलूच नये असे मी म्हणत नाही. तसे सांगून कोणी ऐकणारही नाही. आणि ते बोलणे चांगलेही असते. एकाला दुसरा समजावतो, तू असं कर पुढच्या वेळी. कोणीतरी आपली चूक सांगतो आणि सगळे हसतात, त्याचे त्यालाही हसू येते. अडीच-तीन तास एका जागी घाम गाळत बसलेली मुले ती. मोकळी व्हायला नको? चार मुलांची चार उत्तरे असतात तेव्हा प्रत्येकाला वाटायला जागा राहते की कदाचित माझे बरोबर असेल. लाल चौकटीतले उत्तर आले की ती जागा संपते. त्यातून ते उत्तर पायऱ्यांचे गुण दाखवत नाही. मुले फक्त शेवटचा आकडा जुळवतात, नाही जुळला की पूर्ण गुण कापतात. आमच्या बोर्डाचा लेखी पेपर 80 गुणांचा असतो आणि उरलेले 20 शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे, हेही त्या वेळी कोणाला आठवत नाही. ऐंशीतून वजा करत करत ती तिशीपर्यंत येतात आणि रडतात.

त्यांना एवढी भीती का, हेही घरच्यांनी समजून घ्यायला हवे. आमच्या भागातल्या मुलांचे पुढचे बेत दहावीच्या गणितावरच उभे असतात. कोणाला डिचोलीच्या सरकारी तंत्रनिकेतनात डिप्लोमाला जायचे असते, कोणाला होंड्याच्या आयटीआयमध्ये चांगला ट्रेड हवा असतो, कोणाला बारावी विज्ञान. प्रत्येक ठिकाणी गणित पहिले बघतील हे मुलांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. घरात पहिल्यांदाच कोणी दहावीच्या पुढे जाणार असेल तर शेजारीपाजारी, मामा, आत्या सगळ्यांचे लक्ष त्या एका पेपरवर. गाडी थांब्यावर आली की पहिला प्रश्न, किती पडतील? पेपर कसा गेला, असे विचारले तर मूल काहीतरी सांगेल तरी. किती पडतील, याला ते काय उत्तर देणार? दोन महिने पुढचा आकडा ते आज कुठून आणणार? मग तोंडाला येईल ती संख्या सांगते आणि निकालापर्यंत त्या संख्येच्या धाकात राहते. मी पालकांना हात जोडून सांगते, त्या दिवशी जेवायला वाढा, आंघोळ कर म्हणा, झोप म्हणा. काजू एक दिवस थोडे उशिरा गोळा झाले तर चालतील. गणिताच्या दुपारी घरात कोणीतरी असू द्या.

त्या प्रसंगानंतर मी पालकांशी बोलून एक बदल केला. परतीच्या वाटेवर मोबाइलचा डबा मी उघडत नाही. प्रत्येकाचा फोन त्याच्या थांब्यावर उतरताना देते. पोचल्याचे सांगायचे असेल तर माझ्या फोनवरून लावून देते. पहिल्या दिवशी मुले रागावली, एक-दोघी तर माझ्याशी बोलेनात. नंतर सवय झाली. गाडीत गणिताची चर्चा होतेच, पण ती होता होता शिगम्याच्या रोमटावर, म्हणजे ढोलताशांच्या मिरवणुकीवर जाते, ढोल कोणाच्या वाड्यावरचा चांगला यावर भांडण होते, कोणी झोपते. मला एवढेच हवे होते. पण घरी गेल्यावर फोन हातात येतोच आणि ग्रुपवर उत्तरे वाट बघत असतात. माझ्या डब्याने तासभर लांबते, थांबत नाही. थांबवणे उत्तरे पाठवणाऱ्यांच्याच हातात आहे.

ट्यूशनच्या सर-मॅडमना म्हणून माझी विनंती आहे. तुम्ही पेपर जरूर सोडवा. नीट, सावकाश, पायऱ्यांसह सोडवा, प्रत्येक पायरीला किती गुण तेही लिहा. आणि शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी पाठवा. कोणाचा ग्रुप आधी उत्तरे टाकतो यात जी चढाओढ चालते ती मुलांच्या कामाची नाही. तुम्ही थांबलात तर मुलेही थांबतील. त्याच दुपारी ग्रुपवर काही पाठवायचेच असेल तर एक ओळ पाठवा, गणित झाले, आता विज्ञानाचे अमुक धडे बघा. तुमच्या एका ओळीचे मुलांवर जे वजन असते ते आमच्या शंभर बोलण्यांचे नसते.

शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांनाही एक सांगायचे आहे. आमच्या टीचरनी मला त्या पानावर दाखवले ते मुलांना आधी कोणीतरी दाखवले पाहिजे. प्रिलिमचे पेपर तपासून झाले की निदान एका तासाला दोन-तीन उत्तरपत्रिका नावे झाकून फळ्याशेजारी ठेवा आणि दाखवा, इथे उत्तर चुकले तरी एवढे गुण मिळाले, इथे उत्तर बरोबर असून पायरी नाही म्हणून गेला. एकाच उत्तराची वेगवेगळी रूपे कशी असतात तेही दाखवा. आमच्या टीचर आता हे करतात. त्यानंतरच्या वर्षी गाडीत एका मुलीने दुसरीला सांगितलेले मी ऐकले, अगं, ते एकच आहे, वर-खाली गुणून बघ. मला त्या दिवशी फार बरे वाटले.

गोवा शालान्त मंडळाने परीक्षेच्या आधीच शाळांमार्फत मुलांपर्यंत साध्या भाषेत पोचवावे की गणितात पायरीनुसार गुण मिळतात, आणि सगळे पेपर संपल्यावर गुणदान कसे होणार याची तपशीलवार माहिती सगळ्यांना बघता येईल अशी ठेवावी. अधिकृत माहिती कधी येणार हे मुलांना ठाऊक असले तर लाल चौकटीची ओढ आपोआप कमी होईल. निकालानंतर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची प्रत, फेरतपासणी यांची सोय आहे, पण अर्जाची मुदत थोड्या दिवसांची असते आणि वाड्यावरच्या घरांना ती संपल्यावर कळते. ही माहिती संकेतस्थळाबरोबरच शाळेच्या फळ्यावर आणि बालरथाच्या दारावर लागली तर मी स्वतः प्रत्येक घराला वाचून दाखवीन. पुरवणी परीक्षेचेही तसेच. गणितात राहिलेल्या मुलाच्या घरी निकालाच्या दिवशी वर्ष गेले, वर्ष गेले म्हणून रडारड चालते, आणि पुरवणीने वर्ष वाचते हे सांगायला त्या वेळी तिथे कोणी नसते.

आमच्या शाळेकडे समुपदेशक टीचर येतात. चांगल्या आहेत, मुले त्यांच्याशी बोलतात. पण त्यांच्याकडे इतर शाळाही असतात आणि परीक्षेच्या दिवसांत त्यांचे येणे होत नाही, कारण दहावीची मुले शाळेत नसतात. त्यांना माझे सांगणे आहे की गणिताच्या पेपरच्या दिवशी परतीच्या गाडीत आमच्याबरोबर बसा. काही बोलायचीही गरज नाही. कुठल्या मुलाकडे दुसऱ्या दिवशी लक्ष द्यायला हवे ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. मी मुलांचे चेहरे ओळखते, पण त्यापुढे काय करायचे याचे शिक्षण मला नाही. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक मी गाडीत दारावरच्या पट्टीला चिकटवला आहे. रात्री-अपरात्रीही तिथे बोलता येते. पालकांनीही हा क्रमांक घरात लिहून ठेवावा. मूल जेवत नसेल, बोलत नसेल, आता काय उपयोग असे पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर निकालाची वाट बघू नका.

शेवटी एक विनंती आपल्यालाही आहे. आमचा ड्रायव्हर वाळपईच्या स्टँडवर रोज वर्तमानपत्र घेतो आणि परीक्षेच्या दिवसांत ते गाडीत सगळीकडे फिरते. गणिताच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर गणिताने रडवले, गणित अवघड, पालक संतप्त, असे मथळे येतात. ज्यांचा पेपर बरा गेला आहे ती मुलेही ते वाचून विचारात पडतात. पेपर खरेच अभ्यासक्रमाबाहेरचा असेल, त्यात चूक असेल तर ते छापायलाच हवे, त्याबद्दल काही म्हणणे नाही. पण नुसता अवघड होता म्हणून छापायचे असेल तर शेवटच्या पेपरपर्यंत थांबा. आणि हे पत्र छापणार असाल तर परीक्षा सुरू व्हायच्या आधी छापा, म्हणजे ट्यूशनवाल्यांपर्यंत वेळेत पोचेल.

माझी नोकरी कंत्राटी आहे आणि मुले सहज ओळखू येतील, म्हणून नाव, गाव आणि शाळा छापू नये. पूर्ण पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे.

आपली नम्र,
एक बालरथ मदतनीस, सत्तरी